दीडशे रुपयांचा पासंग

गेल्या वर्षी जानेवारीतल्या दुसऱ्या रविवारी, सकाळी नऊ वाजून दहा मिनिटांनी, डोंबिवली पूर्वेच्या भाजीबाजारात अर्धा किलो तोंडली घेताना मला एका तराजूच्या पारड्याखाली दीडशे रुपयांचं नाणं बांधलेलं दिसलं.

वेळ नक्की सांगता येते, कारण नाण्याचा फोटो मी लगेच काढला आणि मोबाइलमध्ये त्या फोटोची वेळ आहे. मी तोंडली निवडायला उकिडवा बसलो होतो. भाजीवाल्या मावशींनी तराजू उचलला आणि वजनाचं पारडं माझ्या डोळ्यांसमोर आलं. पारड्याच्या बुडाशी तांब्याच्या बारीक तारेने, आडवी-उभी फुली मारून, एक चकती बांधली होती. कॅरमच्या स्ट्रायकरपेक्षा किंचित मोठी, कडेने काळी पडलेली. तारेच्या दोन फेऱ्यांमधून रुपयाचं चिन्ह आणि दीडशे हा आकडा वाचता येत होता.

अशी नाणी सरकारी टांकसाळ काढते. एखाद्या थोर व्यक्तीच्या किंवा संस्थेच्या वर्षपूर्तीचं निमित्त असतं. ती बाजारात फिरण्यासाठी नसतात. हौशी लोक आगाऊ मागणी नोंदवून, नाण्यावर लिहिलेल्या रकमेच्या कितीतरी पट पैसे भरून ती डबीसकट विकत घेतात आणि त्यानंतर कुणालाही हात लावू देत नाहीत. ही माहिती मला होती, कारण माझ्या वडिलांकडे अशी सहा नाणी होती. चौदा महिन्यांपासून पाच होती.

"मावशी, हे काय बांधलंय?"

"पासंग."

"ते कळलं. पण हे नाणं आहे."

"आसंल. मना पासंग हाय."

मावशींचं वय साठीच्या आसपास. शीळफाट्याच्या पलीकडच्या गावातून पहाटेच्या टेम्पोने येतात, हे त्यांनीच नंतर सांगितलं. मी त्यांचं नेहमीचं गिऱ्हाईक नव्हतो. माझा नेहमीचा भाजीवाला त्या दिवशी आला नव्हता.

"कुठून मिळालं?"

"तू पोलीस हाय का?"

"नाही. पेपरात होतो."

"मंग त्यापेक्षा वाईट. तोंडली घेतोस का नाय?"

मी तोंडली घेतली. त्यानंतर त्यांनी सांगितलेली माहिती अशी. सतराएक महिन्यांपूर्वी, श्रावणात, एक म्हातारा आला. नाकाच्या शेंड्यावर चष्मा, खिशाला दोन पेनं, हातात घडी घातलेली पिशवी. त्याने अर्धा किलो तोंडली मागितली आणि वजन करण्याआधी रिकामा तराजू उचलून दाखवायला सांगितला. रिकामा तराजू भाजीच्या बाजूने कलला.

"मना बोलतो, बाई, तुझ्या तराजूत पासंग आहे. मी बोल्ले, माझा यो पारडा टेम्पोखाली गेला, नवीन घातला, तो जड हाय, मी काय करू? तर त्यानं खिशातून रुमाल काढला, रुमालातून यो काढला, नि ठेवला वजनाच्या पारड्यात. काटा बरोब्बर मधे! मंग तोंडली घेतली नि गेला. इतका खूश होऊन गेला, का यो न्यायचा इसरला."

"तुम्ही हाक नाही मारली?"

"मारली ना. त्याला वाटलं मी भांडतंय. जोरात चालाय लागला. दोन-तीन हप्ते वाट बघितली. आलाच नाय. वाटलं, गेला असंल बिचारा."

या काळात नाणं खर्च करण्याचा त्यांनी एकदा प्रयत्न केला होता. कुणी तरी ते दीडशे रुपयांचं असल्याचं वाचून दाखवलं, म्हणून त्यांनी ते रिक्षावाल्याला दिलं. रिक्षावाल्याने ते उलटसुलट करून, शाळेत कुठल्या खेळात मिळालं, असं विचारलं. मग त्यांनी ते तारेने बांधून टाकलं.

पासंग या शब्दाला दोन अर्थ आहेत. तराजूच्या दोन पारड्यांत जो मुळातलाच फरक असतो, त्याला पासंग म्हणतात. तो फरक भरून काढायला हलक्या बाजूला जे वजन टाकतात, त्यालाही पासंगच म्हणतात. ठाण्याच्या एका दैनिकात उपसंपादक म्हणून माझी तीस वर्षं शब्द तपासण्यात गेली. दोष आणि त्यावरचा उपाय यांना एकच शब्द पुरवणारी भाषा सोयीची की गैरसोयीची, याचा निकाल त्या काळात लागला नाही.

नाक, चष्मा आणि दोन पेनं यांवरून म्हाताऱ्याची ओळख मला जवळपास पटली होती. पण उचलून दाखवायला सांगितलेला रिकामा तराजू हा निर्णायक पुरावा होता.

माझे वडील तेव्हा एकोणऐंशी वर्षांचे होते. डोंबिवली एमआयडीसीतल्या एका रंगाच्या कारखान्याच्या प्रयोगशाळेत त्यांनी एकतीस वर्षं काच लावलेल्या तराजूवर भुकट्या तोलल्या. निवृत्तीनंतर तोलण्यासाठी भाजी उरली. त्यांच्या मते डोंबिवलीत अर्धा किलो भाजी ही कल्पना आहे, वस्तू नाही.

नाणं गेल्याचं त्यांच्या लक्षात आलं ते त्या श्रावणानंतरच्या दिवाळीत. डबी होती, आत मखमलीचा गोल खड्डा होता, नाणं नव्हतं. पाडव्यापूर्वी माझ्या पत्नीने घर आवरताना त्यांचं कपाट पुसलं होतं. त्यांनी दोन गोष्टी एकमेकींशेजारी ठेवल्या. भाऊबिजेला आम्ही ठाण्याला माझ्या मोठ्या बहिणीकडे गेलो. तिथे बासुंदीची दुसरी वाटी हातात असताना वडील म्हणाले, "माझं दीडशेचं नाणं गेलं. सुनेनं रद्दीत दिलं."

खोलीत अकरा माणसं होती. पत्नी पाणी आणायला आत गेली आणि पाणी घेऊन बाहेर आली.

त्यानंतर तिने वडिलांच्या कपाटाला हात लावला नाही. कपाटावर धूळ साचली. वडिलांनी एकदा त्या धुळीत बोटाने "पुसावे" असं लिहिलं. पंधरा दिवसांनी त्या अक्षरांवरही धूळ साचली. ठाण्याला ती पुन्हा गेली नाही. पुढच्या भाऊबिजेला तिचा घसा बसला होता. तो आदल्या दिवसापर्यंत आणि दुसऱ्या दिवसापासून व्यवस्थित होता.

आता फेब्रुवारीच्या पहिल्या रविवारी बहिणीच्या मुलीचा साखरपुडा होता, ठाण्यालाच, त्याच घरी. पत्नीने येणार नाही असं सांगितलं होतं. बहीण रोज फोन करत होती. भाचीने, मामी नसेल तर मी अंगठी घालून घेणार नाही, असं जाहीर केलं होतं. मुलाकडच्यांना अजून काही सांगितलेलं नव्हतं.

मी तोंडली घेऊन घरी आलो आणि फोटो आधी पत्नीला दाखवला. तिने तो बोटांनी मोठा केला.

"हे बाबांचं?"

"असण्याची शक्यता आहे."

"शक्यता काय? दीडशेचं नाणं डोंबिवलीत झाडाला लागतं का?"

"दुसऱ्या बाजूकडून दुजोरा मिळाल्याशिवाय मी नक्की म्हणणार नाही."

"तुझा दुजोरा येईपर्यंत त्या पोरीची मुलं शाळेत जायला लागतील. जा, दाखव त्यांना. मी चटणी वाटतेय."

वडील गॅलरीत पेपर वाचत होते. मी काही न सांगता मोबाइल त्यांच्यापुढे धरला. त्यांनी भिंग लावून फोटो पाहिला. बराच वेळ पाहिला.

"बरं मग?" ते म्हणाले. "अशी नाणी पुष्कळांकडे असतात."

"हे भाजीबाजारात आहे. एका तराजूला बांधलंय."

"लोकांना किंमत नसते."

"कुणी तरी पासंग म्हणून ठेवलं, असं त्या बाई सांगतात."

"म्हणजे तिने ते पारडं अजून बदललं नाही?" वडील म्हणाले. "मी तिला तेव्हाच सांगितलं होतं..."

स्वयंपाकघरातला मिक्सर बंद झाला.

वडिलांनी भिंग खिशात ठेवलं, पुन्हा काढलं, पुसलं. पत्नी दारात येऊन उभी राहिली. तिच्या हातात मिक्सरचं झाकण होतं.

"काय सांगितलं होतंत बाबा?"

"पारडं बदल म्हणून."

"कधी?"

"श्रावणात." थोडं थांबून, "मागच्या नव्हे. त्याच्या मागच्या."

पुढच्या पंधरा मिनिटांत वडिलांकडून मिळालेली माहिती मावशींच्या माहितीशी जुळली. त्या श्रावणात घरी आणलेली भाजी स्वयंपाकघरातल्या छोट्या काट्यावर रोज कमी भरत होती. पत्नीचं म्हणणं होतं, काट्याचा सेल उतरलाय. वडिलांचं म्हणणं होतं, बाजार उतरलाय. दोन्हींपैकी काय खोटं हे ठरवायला एक खात्रीचं वजन हवं होतं. घरात असं एकच होतं. नाण्यासोबतच्या पुस्तिकेत टांकसाळीने वजन पस्तीस ग्रॅम असल्याचं छापलेलं होतं. वडिलांनी डबी उघडली, नाणं काट्यावर ठेवलं. काट्याने पस्तीस दाखवले. मग ते नाणं रुमालात गुंडाळून बाजारात गेले.

त्या रात्री जेवताना ते म्हणाले होते, "आज एका बाईचा तराजू सरळ केला." हे मला चांगलं आठवतं. कोण, काय, कुठे, कधी, का आणि कसं, हे सहा प्रश्न मी तीस वर्षं दुसऱ्यांच्या बातम्यांत शोधले. त्या रात्री मी एकही विचारला नाही. मी वरण मागितलं.

पुढच्याच आठवड्यात वडिलांचा गुडघा सुजला. बाजारात जाणं बंद झालं आणि नाणं बाहेर नेल्याचं त्यांच्या डोक्यातून गेलं.

"म्हणजे तुम्ही हरवलंत," पत्नी म्हणाली.

"हरवलं नाही. ठेवलं. ते पहिल्या दिवसापासून जिथे ठेवलं तिथेच आहे."

"आणि मी रद्दीत दिलं ते?"

वडिलांनी पेपर उघडला. संबंधितांनी प्रतिक्रिया देण्याचं टाळलं, असं अशा वेळी लिहितात.

पत्नी माझ्याकडे वळली. "तुमच्या पेपरात चूक झाली की काय करायचात?"

"दुरुस्ती छापायचो."

"कुठे?"

"ज्या पानावर चूक झाली त्याच पानावर."

"मग ठाण्याला," ती म्हणाली आणि मिक्सर पुन्हा सुरू झाला.

सोमवारी सकाळी आम्ही तिघं रिक्षाने बाजारात गेलो. वडिलांना नाण्याची ओळख स्वतः पटवायची होती. पत्नीला वडिलांनी ओळख पटवल्याचं स्वतः पाहायचं होतं. मी वही घेतली होती.

त्याचा परिणाम आधी लक्षात आला नाही. भिंग आणि दोन पेनं असलेला एक वृद्ध माणूस भाजीच्या गाळ्यापुढे थांबतो, रिकामा तराजू उचलायला सांगतो आणि शेजारी एक जण वहीत लिहितो, हे दृश्य बाजाराला ओळखीचं होतं. "वजनमापवाले आले," असं कुणी तरी म्हणालं. पलीकडच्या कांदेवाल्याने आपला तराजू गोणपाटाखाली सरकवला. लसूणवाल्याने हातातलं वजन कोबीच्या ढिगात घातलं. एका गिऱ्हाइकाने, पाव किलो मिरच्यांत आज इतक्या कशा आल्या, असं विचारल्याचं मी ऐकलं.

मावशी मात्र वडिलांना पाहून उठून उभ्या राहिल्या.

"आला का आजा! मना वाटलं तू मेला."

"गुडघा," वडील म्हणाले.

"गुडघ्यानं कोन मरतं? बस. ये पोरी, तू पन बस. यो तुझा सासरा का? जाम खवट हाय."

"मला माहितेय," पत्नी म्हणाली. बऱ्याच महिन्यांनी वडील समोर असताना ती हसली.

वडील पाटीवर बसले आणि त्यांनी पारड्याचं बूड भिंगातून पाहिलं. नाणं त्यांचंच होतं. कडेला एक बारीक खाच होती. पहिल्याच दिवशी डबीतून काढताना ते त्यांच्या हातून फरशीवर पडलं होतं, हेही या निमित्ताने उघड झालं. ती खाच त्यांनी आजवर टांकसाळीच्या नावावर ठेवली होती. पण त्यांचं लक्ष वेगळीकडेच गेलं.

"बाई, ही तार कुणी बांधली?"

"मीच. नायतर रोज पडायचा."

"तारेला वजन असतं. म्हणजे आता हे पारडं तारेइतकं जड झालं. नाण्याने काटा मध्ये आला होता. तू तार बांधलीस आणि पुन्हा घालवलास. आता गिऱ्हाइकाला जास्त जातंय."

मावशींनी भाजीचं पारडं पालथं करून दाखवलं. त्याच्या बुडालाही तांब्याची तार होती. तशीच फुली, तितकेच पीळ. मध्ये नाणं नव्हतं. नुसती तार.

"दोन्ही तारा एका मापाच्या कापल्यात," त्या म्हणाल्या. "मी काय येडी हाय?"

वडील त्या रिकाम्या तारेकडे पाहत राहिले. कारखान्यातल्या एकतीस वर्षांत त्यांना चूक काढायला जागा मिळाली नाही असं एकदाही झालं नव्हतं, हे मी त्यांच्याच तोंडून पूर्वी ऐकलं होतं. त्यांनी चष्मा काढला, पुसला, घातला.

"तुम्ही शाळेत किती शिकलात?" त्यांनी विचारलं. बाईंना त्यांनी 'तुम्ही' म्हटल्याची ही पहिली वेळ होती.

"चौथी. का?"

"काही नाही."

आता नाणं सोडवायचा प्रश्न आला. मावशींची हरकत नव्हती, अट होती. "घेऊन जा. पन माझा काटा परत मधे आनून दे. मी खोटा तराजू घेऊन बसनार नाय." वडिलांचीही हीच अट निघाली. नाणं काढून तराजू तसाच सोडला तर अर्धा किलोमागे पस्तीस ग्रॅम गिऱ्हाइकाचे जातील, आणि ते पाप त्यांच्या संग्रहात येईल. ते म्हणाले, "तसं असेल तर नाणं इथेच राहू दे."

"राहू दे?" पत्नी म्हणाली. "मग ठाण्याला काय दाखवणार?"

"फोटो."

"फोटो नको. गेलेलं नाणं परत आलं पाहिजे."

समोर हार्डवेअरचं दुकान होतं. मी तिथून मूठभर लोखंडी वायसर आणले. वडिलांनी तारेतून नाणं सोडवलं, ते खिशात टाकलं आणि रिकाम्या पारड्यात एकेक वायसर ठेवायला सुरुवात केली. मावशींनी तराजू धरला होता. पाच मोठे वायसर झाले, काटा हलला. सहा, जवळ आला. सातवा, पलीकडे गेला. सातवा काढून दोन छोटे घातले. काटा थरथरला आणि मध्ये थांबला. तोपर्यंत भोवती पंधरा-वीस माणसं जमली होती. त्यांतल्या एकाने टाळी वाजवली आणि आजूबाजूला पाहून थांबवली.

मावशींनी वायसर तारेत ओवले. वडिलांनी त्याच तारेची लांबी बोटांनी मोजली.

"सतरा महिने माझं नाणं वापरलंत," ते म्हणाले.

"नि सतरा महिने सांभाळलं, ते? तुझ्या कपाटात राहिलं असतं का?"

वडिलांनी अर्धा किलो तोंडली घेतली. घरी आदल्या दिवशीची अर्धा किलो तशीच होती. तो आठवडा आम्ही तोंडली खाल्ली.

नाणं घरी आलं तेव्हा त्याला कोथिंबिरीचा वास होता. तारेचे दोन ओरखडे एकमेकांना छेद देऊन गेले होते आणि निम्मी चांदी काळी पडली होती. संग्राहकाच्या हिशेबाने ते आता फारसं कामाचं नव्हतं. वडिलांनी ते पुसलं नाही. पुसण्याने चांदी झिजते, असं ते म्हणाले.

साखरपुड्याला वीस दिवस राहिले होते. पत्नीने विषय पुन्हा काढला नाही. तिने साडीही इस्त्रीला दिली नाही, आणि वडिलांनी ते पाहिलं होतं. चौथ्या दिवशी ते एक कागद घेऊन माझ्याकडे आले.

"हे बघ. तुझं काम आहे."

कागदावर लिहिलं होतं: "काही अपरिहार्य कारणांमुळे नाणे गहाळ झाल्याचा गैरसमज निर्माण झाला होता. तो आता दूर झाला आहे."

"कुणाचा गैरसमज?" मी विचारलं.

"निर्माण झाला होता."

"आपोआप?"

"परिस्थितीमुळे."

"बाबा, यात माणूसच नाही. क्रियापदाला कर्ता द्या."

ते कागद घेऊन गेले. दुसऱ्या मसुद्यात कर्ता होता, पण तो "आम्ही" होता. आम्ही म्हणजे कोण, यावर त्यांनी घरातली सगळी माणसं, असं सांगितलं. पत्नीलाही? हो, तीही घरातलीच. हा मसुदा मी पत्नीला दाखवला नाही. तिसऱ्यात "मी" आला, पण सून गेली. चौथ्यात दोघं होते, पण मध्ये टांकसाळीची, भारत सरकारच्या मानक वजनांची आणि तराजूच्या इतिहासाची एकूण बावीस ओळींची माहिती होती. ती मी कापली. त्यांनी, तू माझं लेखन नेहमीच कापलंस, असं म्हटलं. यापूर्वी त्यांनी काही लिहिल्याची नोंद माझ्याकडे नाही.

पाचवा मसुदा तीन वाक्यांचा होता. तो पत्नीने वाचला. एक शब्द बदलायला सांगितला: "अनवधानाने" काढा.

"का?" वडिलांनी विचारलं.

"तेव्हा म्हणाला नव्हतात."

शब्द निघाला. दुसऱ्या दिवशी साडी इस्त्रीला गेली.

साखरपुडा दुपारी झाला. अंगठ्या घालून झाल्या, मुलाकडचे लोक पहिल्या पंगतीला जेवून बाहेरच्या खोलीत गेले. आतल्या खोलीत घरची पंगत बसली. त्या भाऊबिजेच्या अकरांपैकी नऊ जण हजर होते. एक काका कल्याणला आजारी होते आणि बहिणीचा दीर बंगळुरूला. दिराला व्हिडिओ कॉलवर घ्यायचं का, असं मी पत्नीला विचारलं. तिने थोडा विचार करून नको म्हटलं.

ती वाढत होती. तिच्या हातात भाताचं पातेलं होतं.

वडील पाटावरून उठले. गुडघ्यामुळे त्यांना उठायला वेळ लागला, तोपर्यंत सगळ्यांचं लक्ष गेलं. बहिणीला वाटलं, ते नातीला आशीर्वाद देणार. तिने भाचीला हाक मारली. भाची येऊन पदर सावरून, हात जोडून त्यांच्यापुढे उभी राहिली.

वडिलांनी खिशातून कागद काढला. चष्मा बाहेरच्या खोलीत राहिला होता. त्यांनी कागद लांब धरला, जवळ धरला आणि परत खिशात ठेवला.

"माझं दीडशे रुपयांचं नाणं," ते म्हणाले.

भाचीने जोडलेले हात खाली घेतले.

"माझं दीडशे रुपयांचं नाणं सुनेनं रद्दीत दिलं, असं मी या घरात म्हणालो होतो. ते खोटं होतं. नाणं मीच बाजारात नेलं आणि तिथे विसरलो."

कागदावर "चुकीचं" होतं. ते "खोटं" म्हणाले.

बहिणीचे सासरे कोपऱ्यात बसले होते. त्यांना कमी ऐकू येतं.

"काय म्हणतायत?" त्यांनी शेजाऱ्याला विचारलं.

"नाण्याचं काही तरी."

"काय? मोठ्यानं बोला हो! आहेर कसला?"

वडिलांनी त्यांच्याकडे तोंड केलं आणि तीनही वाक्यं पुन्हा, मोठ्याने म्हटली. बाहेरच्या खोलीतलं बोलणं थांबलं. मुलाचे वडील दारातून डोकावले. वडिलांनी त्यांच्याकडे पाहिलं, थोडे थांबले आणि तिसऱ्यांदा सांगायला तोंड उघडलं.

"बाबा, ऐकलं सगळ्यांनी," पत्नी म्हणाली. "बसा आता. भात गार होतोय."

ते बसले. तिने भात वाढला. वेळ दुपारची दोन वाजून पाच मिनिटं.